पाणबुडीवर नाव देऊ का? बंद जागेत छाती दडपणाऱ्या एका तरुण नौसैनिकाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारा वीस वर्षांचा नौसैनिक आहे, इलेक्ट्रिकल शाखेतला. जामनगरला वालसुरावर, म्हणजे नौदलाच्या इलेक्ट्रिकल शाळेत, ट्रेडचं शिक्षण झालं, मग एका युद्धनौकेवर सात-आठ महिने काढले. आता पाणबुडी शाखेसाठी नाव द्यायचं की नाही, हे त्याला ठरवायचंय. मनातून जायचंय. पण लहानपणी एकदा लिफ्टमध्ये अडकला होता आणि तेव्हापासून बंद जागेत छाती दडपल्यासारखी होते. आई म्हणते, 'वरच्या जहाजावरच राहा, वेळ आली तर निदान उडी तरी मारता येईल.' त्याचे प्रश्न तीन आहेत: आत गुदमरायला होतं का? दिवसचे दिवस सूर्य न बघता माणूस राहतो कसा? आणि हे आपल्याला जमेल की नाही, हे आधी ओळखता येतं का?

मी १९९७ मध्ये पहिल्यांदा पाणबुडीत उतरलो आणि सतरा वर्षं तिथेच राहिलो. बहुतेक काळ सिंधुघोष वर्गाच्या, म्हणजे रशियन बनावटीच्या डिझेल-इलेक्ट्रिक बोटींवर (पाणबुडीला आम्ही बोटच म्हणतो), आणि तोही इलेक्ट्रिकलमध्येच. म्हणजे तुझंच काम केलंय. वयाने बराच मोठा आहे म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. बोट किती खोल जाते, किती दिवस बाहेर राहते, कुठे जाते, यातलं काहीही मी लिहिणार नाही. तूही कधी लिहू नकोस आणि बोलूही नकोस, घरीसुद्धा नाही. निघायची तारीख आईला सांगितली नाहीस म्हणून तिला वाईट वाटेल, पण ते सहन करावं लागतं.

तुझे पहिले दोन प्रश्न सोपे आहेत. अवघड आहे तो तिसरा. आणि त्याचं उत्तर तू शोधतोयस त्या जागी, म्हणजे लिफ्टच्या आठवणीत, सापडणार नाही असं मला वाटतं. पण क्रमाने जाऊ.

आधी हवा. गुदमरणं म्हणजे ऑक्सिजन संपणं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात शरीराला आधी जाणवतो तो साचलेला कार्बन डायऑक्साइड. डोकं जड होतं, श्वास भरभर लागतो, साध्या हिशोबात चुका होतात. म्हणून बोटीवर दोन्ही आकड्यांवर सतत नजर असते. ऑक्सिजन कमी झाला तर भरायचा, कार्बन डायऑक्साइड वाढला तर शोषून घ्यायचा. यासाठी रसायनं असतात. काही पाणबुड्यांवर अशा पाट्या असतात की त्या कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात आणि ऑक्सिजन सोडतात. या पाट्यांना तेलाचा हात लागला तर त्या पेट घेतात, म्हणून त्या हाताळण्याची शिस्त पहिल्या आठवड्यातच अंगात भिनवतात. हवा कोंदट वाटेल, हे खरं आहे. डिझेल, घाम, स्वयंपाक, मशिनचं तेल यांचा मिळून एक वास तयार होतो. तो कपड्यांत, केसांत आणि बॅगेच्या शिवणीत बसतो आणि घरी गेल्यावर दोनदा धुऊनही जात नाही. पण कोंदट वाटणं वेगळं आणि गुदमरणं वेगळं. सतरा वर्षांत माझा श्वास कोंडला तो फक्त मास्क लावून केलेल्या सरावांत.

डिझेल-इलेक्ट्रिक बोट पाण्याखाली बॅटरीवर चालते आणि ती बॅटरी चार्ज करायला तिला अधूनमधून पृष्ठभागाजवळ यावं लागतं. बोट पाण्याखालीच राहते, फक्त एक नळी वर काढते आणि तिच्यातून हवा घेऊन डिझेल इंजिनं चालवते. याला आम्ही स्नॉर्ट करणं म्हणतो. लाट नळीच्या तोंडावरून गेली की तिथला व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो, पाणी आत येत नाही. पण इंजिनं काही तेवढ्यात थांबत नाहीत. ती बोटीतलीच हवा ओढतात आणि दाब झपकन खाली येतो. कानात टच्च होतं. व्हॉल्व्ह उघडला की पुन्हा टच्च. खवळलेल्या समुद्रात हे तासन् तास चालतं. माझ्या पहिल्या स्नॉर्टला मी दोन्ही कानांवर हात ठेवून उभा होतो आणि शेजारचा चीफ जांभई देत होता. मला वाटलं त्याला झोप येतेय. नंतर कळलं की जांभईने कान मोकळे होतात. तेव्हापासून स्नॉर्ट सुरू झालं की मीही जांभया द्यायला लागलो.

आता पहिल्या बुडीबद्दल. सगळ्यांना वाटतं की तो क्षण सगळ्यात भीतिदायक असणार. बहुतेकांच्या बाबतीत उलट घडतं, आणि याला कारण आहे. पृष्ठभागावर पाणबुडी फार वाईट डोलते, कारण तिचा आकार गोल आहे आणि तो पाण्याखालच्या चालीसाठी केलेला आहे. तुझी युद्धनौका डोलते त्याहून ही जास्त पोटात ढवळून काढते. बंदरातून बाहेर पडल्यावर पहिले काही तास मी ओकून ओकून अर्धा झालो होतो. मग बुडीचा हुकूम झाला. टाक्यांमधली हवा सुटल्याचा आवाज आला, बोटीचं नाक थोडं खाली झुकलं, आणि डोलणं हळूहळू कमी होत होत पूर्ण थांबलं. इतकं शांत, की टेबलावरचा पाण्याचा ग्लाससुद्धा हलेना. माझ्या मनात जे आलं ते भीतीचं नव्हतं. सुटलो एकदाचा, असं वाटलं.

नंतर एका जुन्या नौसैनिकाने दोन्ही बाजूंच्या भिंतींना ताणून दोरा बांधून दाखवला. बोट खोल गेली तसा तो दोरा सैल पडून मध्ये लोंबला, कारण बाहेरच्या दाबाने पोलादी कवच किंचित आवळलं गेलं होतं. दर दहा मीटरला साधारण एक वातावरणाएवढा दाब वाढतो. शंभर मीटरवर कवचाच्या प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर बाहेरून दहा किलोच्या आसपास जास्तीचा भार असतो. हे नवख्याला घाबरवायला दाखवत नाहीत. बोट जिवंत वस्तू आहे, ती आवळते, सैलावते, कुरकुरते, हे डोळ्यांनी दिसलं की तिचे आवाज ओळखीचे होतात. आवाज ओळखीचे झाले की झोप लागते.

जागेबद्दल लपवाछपवी करत नाही. सिंधुघोष वर्गाची बोट लांबीला सत्तर मीटरहून थोडी जास्त आहे आणि आत पन्नासेक माणसं. नव्या कलवरी वर्गाची बोट साडेसदुसष्ट मीटर. ही लांबी ऐकायला बरी वाटते, पण तिच्यात इंजिनं आहेत, मोटर आहे, टॉर्पेडो आहेत आणि बॅटरी आहे. माणसाच्या वाट्याला जे उरतं ते फार थोडं. माझा पहिला बंक टॉर्पेडो कंपार्टमेंटमध्ये होता. कूस बदलायची तर आधी बाहेर सरकायचं, मग वळून पुन्हा आत शिरायचं. बंक दोघांत वाटून घेतलेला, त्यामुळे मी वॉचवरून, म्हणजे पाळीवरून, येई तेव्हा गादी आधीच्या माणसाच्या अंगाने कोमट असे. गोडं पाणी मोजून मिळतं. आंघोळ हा शब्द विसरायचा, ओल्या कपड्याने अंग पुसायचं. कपडे वापरून टाकून द्यायचे असतात. पाण्याखाली असताना आमच्याकडे तळण आणि खमंग फोडणी टाळायचे, कारण तो धूर जाणार कुठे? ताज्या भाज्या पहिल्या काही दिवसांत संपतात. मग डबाबंद.

सूर्याचं काय, असं तू विचारलंयस. सूर्याची उणीव वाटते, पण तुला वाटते तशी नाही. दिवस-रात्र घड्याळावर नाही, जेवणावर ओळखायची सवय लागते. आमच्या बोटीवर चार तास वॉच आणि आठ तास मोकळे असायचे. त्या मोकळ्या आठ तासांत देखभाल, सराव, अभ्यास आणि उरलं तर झोप. गॅलीतून चहाचा वास आला की सकाळ. रात्री पेरिस्कोप वर करायचा असेल तर कंट्रोल रूममध्ये लाल दिवे लागतात, डोळे अंधाराला सरावावेत म्हणून, तेव्हा कळतं की वर रात्र आहे. मला सूर्यापेक्षा लांबवर बघण्याची आठवण यायची. आत नजर कुठेही चार-पाच मीटरच्या पलीकडे जात नाही. बाहेर आल्यावर पहिले काही तास गाड्या चालवू नका, असं आम्हाला म्हणायचे. त्यात तथ्य आहे, अंतराचा अंदाज चुकतो.

हे सगळं सोसता येतं. शरीर महिनाभरात जमवून घेतं. आता तिसऱ्या प्रश्नाकडे वळतो.

तुझ्या लिफ्टबद्दल मी विचार केला. लिफ्टमध्ये तू लहान होतास, बहुधा एकटा होतास, काय बिघडलंय ते ठाऊक नव्हतं आणि करायला हातात काही नव्हतं. छाती दडपते ती या चार गोष्टींनी. बोटीवर यातली एकही गोष्ट नसते. भोवती माणसं असतात, डोक्यावर दिवा असतो, हाताला काम असतं आणि कुठली नळी कुठून येते ते पाठ असतं. माझ्या पाहण्यात जे लोक पाणबुडीतून परत गेले त्यांतले फार थोडे बंद जागेमुळे गेले. बरेच जण एकांत मिळत नाही म्हणून गेले, काही घरच्या अडचणींमुळे. तरीही हे परिस्थितीवर अवलंबून आहे, हे कबूल करतो. छाती दडपणं म्हणजे नुसती अस्वस्थता असेल तर ती सरते. पण घाम फुटून, हातपाय गार पडून तिथून पळून जावंसं वाटत असेल, तर तो आजार आहे आणि तो लपवून बोटीवर जाणं हा पन्नास माणसांशी केलेला खोटेपणा होईल. हे तुझं तुला ठरवता येणार नाही. मेडिकल ऑफिसरला लिफ्टची गोष्ट जशी घडली तशी सांग. नाव कापलं जाईल म्हणून गप्प बसू नकोस.

आणि इथेच मी माझ्या मुद्द्यावर येतो. पाणबुडीला फार शूर माणूस लागतो असं मला कधी दिसलं नाही. तिथे असा माणूस लागतो की जो स्वतःची चूक त्याच मिनिटाला मोठ्याने सांगतो. वरच्या जहाजावर एखादी चूक दुरुस्त करायला बऱ्याचदा वेळ मिळतो. खाली ती चूक सगळ्यांची होते आणि फार लवकर होते.

माझाच प्रसंग सांगतो. बोटीवर येऊन मला दोन महिनेही झाले नव्हते. आमच्या बोटीला बॅटरीचे दोन गट, प्रत्येकी १२० सेल. हे सेल डेकच्या खाली बॅटरी पिटात असतात आणि त्यांच्यावर पोटावर सरपटण्यापुरती जागा असते. प्रत्येक सेलची घनता, तापमान, पाणी तपासत पुढे सरकायचं. हत्यारं इन्सुलेशन केलेली आणि प्रत्येक हत्यार दोरीने मनगटाला बांधलेलं. खिसे रिकामे. अंगठी, साखळी, घड्याळ, करगोट्याची चांदीसुद्धा चालत नाही, कारण दोन टोकांमध्ये धातू पडला तर हजारो अँपिअरचा प्रवाह त्यातून जातो आणि धातू वितळून ठिणग्या उडतात. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते.

त्या दिवशी माझ्या एका पान्याची दोरी झिजली होती. मी ती सोडली आणि नवी बांधू म्हणून पाना तसाच वापरला. काम संपवून वर आलो, हात पुसले, चहा घेतला. पेटीत हत्यारं ठेवताना एक खाच रिकामी दिसली. अर्ध्या तासात चार्जिंग सुरू होणार होतं.

ते काही सेकंद मला अजून आठवतात. पाना पिटातच पडला असेल असं नाही, कदाचित दुसऱ्या कुणी नेला असेल. आधी आपणच गुपचूप बघून येऊ. मी नवा आहे, आताच बोलणी खाल्ली तर पुढची परीक्षा गेली. हे सगळं डोक्यात येऊन गेलं. मग मी चीफकडे गेलो आणि म्हणालो, 'सर, दहाचा पाना मिळत नाही. मी दोरी सोडली होती. पिटात असेल.' तो काही बोलला नाही. फोन उचलून त्याने कंट्रोल रूमला चार्जिंग थांबवायला सांगितलं. कारण विचारलं गेलं, तर म्हणाला, 'पिटात पाना आहे.' माझं नाव घेतलं नाही. पाच माणसं पोटावर सरपटत दोन तास शोधत होती, त्यांतली तीन झोपेतून उठवलेली. पाना दोन सेलच्या मधल्या फटीत उभा सापडला. टोकापासून वीतभर अंतरावर.

शोध संपल्यावर मी शिक्षेची वाट बघत उभा होतो. चीफ फॉक्सट्रॉटच्या, म्हणजे आपल्या पहिल्या सोव्हिएत पाणबुड्यांच्या जमान्यातला, ८ डिसेंबर १९६७ ला रिगाला पहिली कलवरी नौदलात दाखल झाली तिच्या पिढीच्या माणसांकडून शिकलेला. तो एवढंच म्हणाला, 'उद्यापासून हत्यारं तू मोजायची. खाली जाताना आणि वर येताना.' पुढची दोन वर्षं ती मोजणी माझ्याकडे होती. त्या रात्री ज्यांची झोप मोडली त्यांपैकी एकाने सकाळी माझ्यासाठी चहा भरून ठेवला होता. त्याच्या आधी तो माझ्याशी धड बोलतही नव्हता.

तेव्हा तू स्वतःला एकच प्रश्न विचार. जहाजावर गेल्या सात-आठ महिन्यांत तुझ्या हातून काही चुकलंच असेल. ते तू स्वतः सांगितलंस का? किती वेळाने? कुणी बघितलं नसतं तरी सांगितलं असतंस का? या उत्तरावरून तुला जितकं कळेल तितकं लिफ्टवरून कळणार नाही.

शिक्षणाचं थोडक्यात. विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहन ही पाणबुडी शाखेची शाळा आहे. तिथे वर्ग, सिम्युलेटर, संकटात बोटीबाहेर पडण्याचा सराव, सगळं होतं. पण खरं शिक्षण बोटीवर. हातात वही आणि टॉर्च घेऊन एकेक पाइपलाइन सगळ्या बोटीत चालत शोधायची, ज्याला आम्ही ट्रेसिंग म्हणतो. समुद्राचं पाणी, हायड्रॉलिक तेल, दाबाची हवा, वीज, प्रत्येकाची रेघ स्वतः काढायची. तुझा ट्रेड इलेक्ट्रिकल असला तरी टॉर्पेडो ट्यूबचा व्हॉल्व्ह तुला ठाऊक पाहिजे आणि स्वयंपाक्यालासुद्धा बॅटरीचं व्हेंटिलेशन ठाऊक पाहिजे, कारण आग लागली तर जो जवळ असेल तो धावणार. शेवटी डोळ्यांवर पट्टी बांधून विचारतात: इथून तिसरा व्हॉल्व्ह कशाचा? पास झालास की छातीवर डॉल्फिनचं चिन्ह लागतं. माझ्या पहिल्या वहीवर सिनिअरने एक आडवी रेघ मारली होती, कारण एक नळी मी बघितली नव्हती, दुसऱ्याच्या वहीतून उतरवली होती. त्याला ते रेघ बघूनच कळलं, कारण त्या माणसाने केलेली चूकही मी जशीच्या तशी उतरवली होती.

हे सगळं इतकं बारकाईने का, हे एका उदाहरणाने सांगतो. पाण्याखाली बोट वजनाच्या तोलावर तरंगत असते. कमी वेगात चार-पाच माणसं एकदम पुढच्या टोकाला गेली तरी नाक झुकतं आणि हायड्रोप्लेनवर, म्हणजे बोटीचं नाक वर-खाली करणारे आडवे पंख सांभाळायला, बसलेल्याला ते लगेच कळतं. बंगालच्या उपसागराच्या उत्तरेला गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी वरच्या थरात मिसळतं. खारटपणा हजार भागांत ३५ वरून ३१ वर आला तर तीन हजार टनांच्या बोटीला जवळजवळ नऊ टनांचा आधार कमी पडतो. बोट जड होते, पंप चालवून तेवढं पाणी बाहेर टाकावं लागतं. तिथे आपण समुद्राशी टनांच्या आणि कधी माणसांच्या वजनाच्या हिशोबात वागतो. असं काम मला नंतर कुठेही मिळालं नाही, आणि त्याची आठवण येते.

आणखी एक गोष्ट फक्त तिथेच मिळते. सोनारवाल्याशी मैत्री झाली की तो कधीतरी हेडफोन देतो. उथळ, उबदार पाण्यात सतत तडतड ऐकू येते, कढईत काही तळल्यासारखी. एका जातीची कोळंबी नांगी मिटताना तो आवाज करते. त्या तडतडीच्या मागून एखाद्या व्यापारी जहाजाच्या पंख्याचा ठोका येतो आणि सोनारवाला घड्याळ लावून ते ठोके मोजत बसतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वॉच संपूनही तासभर उठलो नव्हतो.

आता धोका. तुझ्या आईला याबद्दल खोटं सांगू नकोस. १४ ऑगस्ट २०१३ ला मुंबईत सिंधुरक्षकवर स्फोट झाले आणि १८ जण गेले. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सिंधुरत्नवर समुद्रात धूर झाला, त्यात दोन अधिकारी गेले. सिंधुरक्षकनंतर आठवडाभर माझ्या मेसमध्ये कुणी मोठ्याने बोललं नाही. बंद जागेत आगीपेक्षा धूर आधी मारतो. म्हणून मास्क कुठे टांगलाय, हवेची जोडणी कुठे आहे, हे झोपेतही हाताला सापडलं पाहिजे. आणि त्याहून कठीण गोष्ट ही, की एका कंपार्टमेंटमध्ये आग किंवा पाणी आलं तर त्याचं दार बंद करतात. आत कोण आहे, याचा विचार दार बंद करताना करायचा नसतो. सराव करताना एकदा ते दार मी बंद केलंय आणि एकदा मी आत होतो. पाणबुडीवर नाव देताना माणसाने या एका गोष्टीवर शांतपणे बसून विचार करावा, असं मला मनापासून वाटतं.

'उडी तरी मारता येईल' याचं उत्तर असं. किनाऱ्यापासून शेकडो मैलांवर उडी मारणं ही सुटका नाही, हे तुझ्या जहाजावरही तितकंच खरं आहे. पाणबुडीतून बाहेर पडण्याची साधनं असतात आणि ती शिकवतात. शिशुमार वर्गाच्या बोटींमध्ये तर सगळ्या माणसांना घेऊन वर येणारा गोलच बसवलेला आहे. २०१८ पासून आपल्या नौदलाकडे खोल पाण्यात बुडालेल्या पाणबुडीला चिकटून माणसं काढणारी बचाव-पाणबुडीही आहे. सुटकेच्या सरावात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतील: वर येताना श्वास सोडत राहा. दहा मीटरवरून पृष्ठभागावर येईपर्यंत फुप्फुसातली हवा दुप्पट फुगते, आणि घाबरलेला माणूस नेमका श्वास रोखून धरतो. भीतीच्या विरुद्ध वागायला शरीराला शिकवणं, असा तो सराव आहे. तुझ्या लिफ्टच्या भीतीला तो उपयोगी पडेल, असं मला वाटतं.

घराबद्दल मी सगळ्यात शेवटी लिहितोय, कारण तेच मला जड जातं. बोट पाण्याखाली असताना तिला संदेश येऊ शकतात, पण ती स्वतः बोलत नाही. बोलली की सापडली. माझे वडील गेले तेव्हा मी समुद्रात होतो. दहावा होऊन गेल्यावर जेट्टीवर उतरलो आणि एका अधिकाऱ्याने मला बाजूला बोलावलं. अशी बातमी समुद्रात असतानाच सांगायची की परत आल्यावर, हे कॅप्टन ठरवतो. मी पुष्कळ दिवस रागावलो होतो. नंतर वाटलं, सांगितलं असतं तर मी काय करणार होतो? वॉच तर द्यावाच लागला असता, आणि त्या वॉचवर लक्ष नसलेला माणूस उभा राहिला असता. आजही हे मला पूर्ण पटलंय असं नाही. पण तू जाण्याआधी आईशी हे बोल. अडचणीत निर्णय कोण घेणार, बँकेत सही कुणाची, दवाखान्यात कोण धावणार, हे ठरवून कागदावर लिहून ठेव. माझ्या वेळी आमच्याकडे हे कुणी ठरवलंच नव्हतं आणि सगळं धाकट्या भावावर पडलं. तो तेव्हा अठराचा होता.

कुठली बोट मिळेल, कॅप्टन कसा असेल, शेजारच्या बंकवर कोण येईल, यावर पहिल्या वर्षाचा अनुभव फार अवलंबून असतो. नव्या कलवरी वर्गाच्या बोटींवर माझे कनिष्ठ सहकारी आहेत. तिथे यंत्रणा जास्त स्वयंचलित आहेत, माणसं कमी आहेत, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला काम जास्त येतं. बॅटरी मात्र तिथेही आहे, ३६० सेलची, म्हणजे तुझ्या ट्रेडला आराम कुठेच नाही.

तर माझ्या मते तू असं कर. नाव देण्याआधी मेडिकल ऑफिसरला भेट. दरम्यान तुझ्या जहाजावर टाकीत किंवा तळाच्या कंपार्टमेंटमध्ये उतरण्याचं काम निघालं, परवानगी आणि सोबत असली, तर स्वतःहून पुढे हो आणि आत गेल्यावर मन कुठे जातं ते बघ. काम करता करता भीती मागे पडत असेल तर नाव दे. पडत नसेल तर वरच्या जहाजावर चांगला इलेक्ट्रिकल नौसैनिक हो, त्यात काहीही कमीपणा नाही. डॉक्टर काय म्हणाले ते कळव.

आणि सातवाहनला पोहोचलास की ट्रेसिंगसाठी दोनशे पानी वही घे. शिवलेली घे, स्पायरलची नको. तिची तार बॅटरी पिटात चालत नाही.